ओठांवरची भेग आणि मुठेलाचा गोळा

पौष महिना लागला की आमच्या रोह्याच्या बाजूला दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. भात कापून झालेले असते, त्याच ओलीवर पेरलेल्या वालाला शेंगा धरलेल्या असतात, आणि संध्याकाळ झाली की कुठल्या तरी शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडे मीठ. मडके उपडे करून भोवती पेंढा आणि लाकडे. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे फुटलेले ओठ. पोपटीची पहिली गरम शेंग तोंडाला लावली की ते मीठ ओठांच्या भेगेत असे काही झोंबते की भलाभला माणूस ‘हाय हाय’ करतो. लहान मुले तर शेंग बाजूला ठेवून रडायलाच लागतात. मग घरातली म्हातारी म्हणते, “अरे, ओठाला काय लावलंस की नाही?”

आज मला तुमच्याशी या भेगेविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, “मास्तर इतिहासाचे, आणि बोलतात ओठांवर! शिवाजी महाराज संपले काय?” महाराज संपलेले नाहीत, संपणारही नाहीत. पण इतिहास म्हणजे नुसत्या लढाया आणि तहनामे नव्हेत. आपल्या आजीने ओठांना काय लावले, ते तिला कोणी सांगितले, आणि आज ते आपण का विसरलो, हाही इतिहासच आहे. या इतिहासात राजा नाही, सेनापती नाही. एक झाड आहे, एक उखळ आहे, आणि नाव न राहिलेल्या पुष्कळ बायका आहेत.

आधी ओठ फुटतात का, ते पाहू. आपल्या अंगावरच्या कातडीला निसर्गाने तेल पाजणाऱ्या बारीक ग्रंथी दिल्या आहेत. घामाच्याही ग्रंथी आहेत. ओठांच्या लाल भागावर घामाच्या ग्रंथी नाहीत, आणि तेलाच्या असल्या तर नावापुरत्या. शिवाय तिथली कातडी फार पातळ. म्हणूनच आतल्या रक्ताचा रंग दिसतो आणि ओठ लाल वाटतात. म्हणजे अंगावरचे सगळ्यात नाजूक ठिकाण, आणि त्यालाच आपले स्वतःचे तेल नाही.

आता आपल्याकडची थंडी पाहा. कोकणातली थंडी काही हिमालयातली नव्हे. पण वर्षातले इतर महिने समुद्राकडून येणारी ओलसर हवा आपल्याला सवयीची असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा उलटतो. सह्याद्रीकडून, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हा वारा कोरडा असतो. आपले कोळीबांधव याला मतलई म्हणतात. घाटाच्या बाजूने आलेला हा कोरडा वारा ओठांतला ओलावा शोषून घेतो. ओठ कोरडे झाले की माणूस काय करतो? जीभ फिरवतो. क्षणभर बरे वाटते. पण ती लाळ वाऱ्याने लगेच उडते आणि उडताना ओठांतला ओलावाही घेऊन जाते. त्यातून लाळ ही अन्न पचवायला आहे. ती पातळ कातडीवर बसून राहिली की कातडीला त्रासच देते. म्हणजे जितके चाटावे तितके कोरडे, आणि जितके कोरडे तितके पुन्हा चाटावे. शाळेतल्या शिक्षकांनी पाहिले असेल, काही मुलांच्या ओठांभोवती थंडीत लालसर-काळसर कडेच उमटते. जीभ पोचते तिथपर्यंत ते कडे असते. ते दुसऱ्या कशाचे नव्हे, जिभेचेच काम.

हे सगळे आजचे ज्ञान झाले. पण ओठ फुटणे आजचे नाही, आणि त्यावरचा विचारही आजचा नाही. सुश्रुतसंहिता हा आपल्याकडचा शस्त्रक्रियेचा जुना थोर ग्रंथ. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी तो आजच्या रूपाला आला असावा. त्यात तोंडाच्या रोगांचे वेगळे प्रकरण आहे, आणि त्या रोगांची सुरुवातच ओठांपासून केली आहे. ओठांचे रोग आठ सांगितले आहेत. त्यातला पहिला वाताचा. त्याचे वर्णन वाचले की पौषातले आपले ओठच डोळ्यांपुढे येतात: खरखरीत, कडक, काळपट, दुखणारे आणि जणू चिरत चाललेले. यावर उपाय काय सांगितला आहे? चार प्रकारच्या स्निग्ध पदार्थांत, म्हणजे तूप, तेल, चरबी आणि मज्जा यांत, मेण मिसळावे आणि ते ओठांना चोळावे. संस्कृतात मेणाला मधूच्छिष्ट म्हटले आहे, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरलेले.

हा उपाय नीट ध्यानात घ्या. नुसते तेल सांगितले नाही, तेलात मेण सांगितले. का? नुसते तेल ओठांवरून ओघळते, जिभेने निघून जाते. मेण त्याला धरून ठेवते. मेण वितळायला साठाच्या वर अंश उष्णता लागते, तेव्हा ओठांच्या उबेने ते वितळून जात नाही; पातळ पापुद्र्यासारखे बसून राहते आणि खालचा ओलावा उडू देत नाही. आज बाजारात ओठांना लावायच्या ज्या कांड्या आणि डब्या मिळतात, त्यांपैकी कित्येकींवर काय काय घातले आहे ते वाचा. तेल आणि मेण, हीच जोडी सापडेल. तिकडे रोमन साम्राज्यात दुसऱ्या शतकात गॅलन नावाचा वैद्य होऊन गेला. मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेला लेप त्याच्या नावावर सांगतात. दोन दूरच्या देशांतल्या वैद्यांचे हात एकाच पोळ्याकडे वळले. मधमाशीला सगळीकडे मेणच करता येते, आणि माणसाची कातडी सगळीकडे सारखीच फुटते.

पण वाचकहो, रोह्याच्या आसपासच्या, वरश्याच्या किंवा कुंडलिकेच्या काठच्या कुठल्याही गावच्या घरात सुश्रुताची पोथी कुठून असणार? इथल्या बाईने आपला उपाय परसात शोधला. तो म्हणजे रातांब्याचे बी.

रातांबा तुम्हाला ठाऊक आहे. कोकमाचे फळ. त्याच्या सालीचे आमसूल होते, रसाचे सरबत होते, सोलकढी होते. गोव्याकडे त्याला भिरंड म्हणतात. साल गेली, रस गेला, मग हातात उरते ती बी. तीही आमच्या बायांनी टाकली नाही. चैत्र-वैशाखात बिया धुऊन राखेत घोळून उन्हात खडखडीत वाळवायच्या. पाऊस सरला, कामे उरकली, की सवड पाहून त्या फोडायच्या, आतला गर उखळात कुटायचा आणि पाण्यात घालून चांगला उकळायचा. तेल वर तरंगते. भांडे रात्रभर तसेच ठेवले की सकाळी पाण्यावर पांढुरकी साय घट्ट धरलेली असते. ती काढायची, पुन्हा वितळवून गाळायची आणि कोमट असताना मुठीत दाबून गोळे करायचे. मुठीत होते म्हणून ते मुठेल. कुठे नुसते कोकमतेल म्हणतात, तळकोकणात भिंडेलही म्हणतात. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात. माझ्या आजीच्या घरी असा एक गोळा करवंटीत घालून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेला असे. थंडीत संध्याकाळी ती तो चुलीच्या उबेला धरायची, वरचा थर मऊ झाला की बोट फिरवायची आणि आम्हा पोरांच्या ओठांना, गालांना, नि स्वतःच्या टाचांच्या भेगांना लावायची. वास काही फार सुंदर नसे. पण सकाळी ओठ मऊ असत.

मुठेलच का, खोबरेल का नाही? खोबरेल तर घरोघर होते. याचे उत्तर चुलीजवळच मिळते. खोबरेल सुमारे २४ अंशांवर वितळते. म्हणून थंडीच्या पहाटे ते बाटलीत थिजते आणि ऊन लागले की पाण्यासारखे होते. ओठांवर लावले की ते लगेच पातळ होऊन पसरते. मुठेल वितळायला ४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेपेक्षा थोडी जास्त. म्हणून ते बोटाने चोळले की मऊ पडते, पण ओठांवर बसल्यावर वाहून जात नाही. सुश्रुताला तेलात मेण घालून जे साधावे लागले, ते या बीने मेणावाचून साधले. बियांच्या वजनाच्या सुमारे पाव भाग हे तेल निघते. बाईने उष्णतामापक पाहिला नव्हता. तिने बोटाने पाहिले होते.

आता हे ज्ञान पुस्तकात कसे गेले, तो भाग मोठा मजेचा आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि गोव्यात राहिला. १५६३ साली त्याने गोव्यातच आपला औषधींवरचा ग्रंथ छापला. आपल्या भूमीवर छापल्या गेलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यात या फळाचा उल्लेख आहे. भिरंड हा शब्द त्याने आपल्या पोर्तुगीज कानाने ऐकून ‘ब्रिंदांव’ असा काहीसा लिहिला. फळ लाल, फार आंबट, त्याचा शिरका होतो, असे त्याने नोंदले. पुढे शास्त्रज्ञांनी या झाडाला ‘गार्सिनिया इंडिका’ नाव दिले. पुष्कळांना वाटते की ते या गार्सियाच्या नावावरून. तसे नाही. ते लॉरां गार्सँ नावाच्या दुसऱ्याच एका निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून आहे. शिक्षकबंधूंनी वर्गात सांगताना एवढे जपावे.

पुढे इंग्रजांचा अंमल आला. १८७४ साली फ्लुकिगर आणि हॅन्बरी या दोघांनी औषधींचा एक मोठा ग्रंथ लंडनला छापला. त्यात या बियांच्या तेलाला स्वतंत्र जागा मिळाली. मग मुंबईत सरकारी औषधभांडाराचे काम पाहणारे डॉ. विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ सिद्ध केला. फुटलेल्या ओठांना आणि हातांच्या भेगांना हे तेल थोडे मऊ करून चोळावे, ही इकडची रीत डायमॉक यांच्या लेखणीतून कागदावर उतरली. आजीने चुलीपाशी केले तेच, शब्दाशब्दाने!

डायमॉक यांना हे कोणी सांगितले? कुठल्या तरी बाजारात मुठेल विकायला बसलेल्या माणसाने सांगितले असेल, किंवा त्यांच्या हाताखालच्या कोणा कोकणी माणसाने. त्या माणसाला त्याच्या आईने सांगितले असेल. पुस्तकावर तीन साहेबांची नावे आहेत. आईचे नाव नाही. साहेबांना मी नावे ठेवत नाही. त्यांनी कान देऊन ऐकले आणि लिहून ठेवले, हे त्यांचे ऋणच आहे. आपण मात्र ऐकलेही नाही आणि लिहिलेही नाही, हे आपल्याला बोचले पाहिजे.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे दुसरी एक गोष्ट घडत होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे १८५९ साली जमिनीतून खनिज तेल निघाले. रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ ते पाहायला गेला. त्याला दिसले की यंत्राच्या दांड्यांवर एक मेणासारखा गाळ साचतो आणि मजूर त्याला शिव्या देतात; पण हात भाजला किंवा कापला की तोच गाळ जखमेवर चोपडतात. चेसब्रोने तो गाळ नेला, शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. तेच व्हॅसलिन. पाहा, तिथेही मजुरांचे ज्ञान आधी आणि साहेबाचा शिक्का नंतर! पुढे १८८० नंतरच्या काळात व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग गावच्या चार्ल्स फ्लीट नावाच्या गृहस्थाने ओठांसाठी मेणबत्तीसारखी कांडी केली. ती काही खपेना. १९१२ साली त्याने तिचा हक्क जॉन मॉर्टन नावाच्या गावकऱ्याला अवघ्या पाच डॉलरला विकला. मॉर्टनच्या बायकोने आपल्या स्वयंपाकघरात ते मिश्रण वितळवून, थंड करून, कांड्या कापल्या, असे सांगतात. आणि धंदा उभा राहिला. आपल्या देशात १९२९ साली कलकत्त्याला गौरमोहन दत्त यांनी स्वदेशीच्या भावनेने ‘बोरोलीन’ मलम काढले. तेही पुढे हिवाळ्याचे मलम म्हणून घरोघर गेले.

बाहेर स्वयंपाकघरातून कारखाना झाला. आपल्याकडे मुठेल स्वयंपाकघरातच राहिले, आणि हळूहळू तिथूनही गेले. कारणे पुष्कळ आहेत. बिया वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या, याला वेळ आणि हात लागतात. चाकरमानी मुंबईला गेले, नंतर धाटावला कारखाने आले, घरे बदलली, चुली गेल्या, उखळे अंगणात उपडी पडली. दुकानात लहान डबी सहज मिळू लागली. यात वाईट काही नाही. व्हॅसलिनसारखा साधा, बिनवासाचा लेप आजचे डॉक्टरही सांगतात, आणि तो स्वस्तही आहे. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. मुठेलाचे तेल परदेशी कारखान्यांत ‘कोकम बटर’ म्हणून साबणात आणि मलमात जाते, महागड्या डबीवर त्याचे चित्र असते. आणि इकडे रातांब्याच्या बिया उकिरड्यावर पडतात. दापोलीला १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाच्या सुधारलेल्या जाती काढल्या आहेत, ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. झाडाला मान मिळाला. आता बीलाही मिळू दे.

इथवर मी तुम्हाला भेगेची गंमत सांगितली. आता थोडे गंभीर बोलायचे आहे, आणि ते विशेषतः शिक्षकांशी.

मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे सदा चिरलेले असत. पाठांतराच्या तासाला तो उभा राही आणि तोंड उघडत नसे. तोंड मोठे उघडले की कोपऱ्यातून रक्त येई. गुरुजींना वाटे, याने पाठ केलेलेच नाही. ते त्याला बाकावर उभा करीत. आम्ही हसत असू. एकदा मधल्या सुटीत ओढ्यापाशी त्याने ती सगळी कविता हळू आवाजात मला अडखळल्याशिवाय म्हणून दाखवली. मी हे गुरुजींना सांगायला हवे होते. सांगितले नाही. पाचवीनंतर तो शाळेत दिसला नाही. आज चाळिशी ओलांडल्यावरही पौष आला की मला तो बाकावर उभा दिसतो.

त्याचे ओठ थंडीने फुटत नव्हते. ते भर पावसाळ्यातही चिरलेलेच असत, आणि चिरलेले असत ते कोपऱ्यात. हा फरक त्या वेळी आमच्या वर्गात कोणालाच कळला नाही. पण तो कळण्यासारखा होता. कारण तो आपल्याच देशात कित्येक वर्षे आधी शोधला गेला होता. दक्षिणेत निलगिरीत कुन्नूर येथे पोषणावर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. तीच पुढे हैदराबादला गेली आणि १९६९ साली राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिथले संचालक डॉ. एक्रॉइड आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी १९३६ च्या सुमारास गरीब मुलांच्या तोंडाचे हे चिरणे अभ्यासले आणि सांगितले की हा ‘ब’ गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या उणिवेचा परिणाम आहे. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर यांनी काही स्त्रियांना ‘ब-२’ जीवनसत्त्व अगदी कमी असलेला आहार देऊन पाहिले. त्यांचे ओठ तसेच फुटले, आणि ते जीवनसत्त्व दिल्यावर बरे झाले.

आपला मुलूख भाताचा. भात हे आपले दैवत, पण गिरणीत पांढरेशुभ्र सडलेले तांदूळ चार पाण्यांनी धुतले की त्यातली ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे कोंड्याबरोबर आणि पाण्याबरोबर जातात. मग ती भरून काढायची कशाने? दुधाने, ताकाने, अंड्याने, सुकटीने, माठ-मुळ्यासारख्या पाल्याने, आणि आपल्या वालाने, कडधान्याने. कोपरे चिरण्याला रक्तातले लोह कमी असणे हेही कारण असते, कधी बुरशीचा संसर्गही असतो. म्हणून गुरुजी, बाई, एवढे करा. थंडी संपल्यावरही ज्या मुलाचे ओठ कोपऱ्यात चिरलेलेच राहतात, त्याला बाकावर उभे करू नका. त्याच्या पालकांना बोलवा आणि मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तिथे रक्त तपासता येते, गोळ्या मिळतात. मुठेलाने ती भेग भरणार नाही. ती पोटातून भरावी लागते.

थोरांसाठीही एक गोष्ट. आपण दिवसभर उन्हात असतो. खालच्या ओठावर ऊन थेट पडते. त्यात तंबाखूचा बार, बिडी, आणि आमच्या आयाबहिणींची मशेरी. थंडीची भेग नीट काळजी घेतली तर दोन आठवड्यांत भरते. जी भेग, गाठ किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांनंतरही हटत नाही, खपली धरतो आणि पुन्हा उकलतो, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात अशी असू शकते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. “थंडीचं आहे, जाईल” म्हणून वर्ष काढू नका. मशेरी तर आजच सोडा.

मग साध्या भेगेला काय करायचे? जुने-नवे एकत्र करून सांगतो.

पहिले, जीभ आवरा. मुलांना रागावू नका. त्यांच्या खिशात लेपाची लहान डबी द्या आणि चाटावेसे वाटले की बोट लावायला सांगा. दुसरे, निघालेली साल दातांनी किंवा नखांनी ओढू नका. खालची कच्ची कातडी उघडी पडते. तिसरे, लेप लावायची वेळ पाळा: रात्री निजताना, पहाटे शेतावर निघण्यापूर्वी आणि जेवणानंतर तोंड धुऊन पुसल्यावर. ओठ किंचित ओलसर असतानाच लावा, म्हणजे तो ओलावा आत राहतो. मुठेल असेल तर उत्तम, तूप असेल तर तूप, व्हॅसलिन असेल तर तेही चांगले. चौथे, पहाटेच्या वाऱ्यात उपरणे किंवा पदर नाकातोंडावरून घ्या. उन्हातही तेच करा. पाचवे, थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. आणि भेग असेतोवर लिंबू, जास्त तिखट, आणि हो, पोपटीचे जाडे मीठ, यांना थोडे जपा. काही ठिकाणी बेंबीत तेल घातले की ओठ फुटत नाहीत असे म्हणतात. घातले तर अपाय नाही. पण बेंबीतून ओठांपर्यंत तेलाला वाट नाही. तेच बोट सरळ ओठांना लावा.

घरी मुठेल नसेल आणि मेण मिळत असेल, तर वजनाने एक भाग शुद्ध मेण आणि तीन भाग खोबरेल एका वाटीत घ्या. ती वाटी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, थेट विस्तवावर ठेवू नका. नीट ढवळून स्वच्छ, कोरड्या डबीत ओता. सुश्रुताचा तो जुना उपाय तुमच्या डबीत आला असे समजा. ही कृती शाळेत विज्ञानाच्या तासाला, शिक्षकांच्या देखरेखीखाली, सहज करून दाखवता येईल. कोणता पदार्थ किती अंशांवर वितळतो, हेही मुलांना त्यातच शिकवता येईल.

आणि एक शेवटचे काम सांगतो. ते इतिहासाचे आहे. तुमच्या गावात कोणी आजी अजून मुठेल काढते का, पाहा. असेल तर येत्या वैशाखात वर्गातली चार मुले तिच्याकडे पाठवा. बिया कशा वाळवल्या, किती कुटल्या, किती वेळ उकळले, सारे वहीत लिहून घ्या. आणि पानाच्या वरती, पहिल्या ओळीत, त्या आजीचे नाव घाला, तिच्या गावासकट. साडेचारशे वर्षे या बीविषयी लोक लिहीत आले. पण जिच्या मुठीचे ठसे त्या गोळ्यावर आहेत, तिचे नाव अजून कोणी लिहिलेले नाही.